पोटाचा कॅन्सर आणि जनुकांची पातळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दोन बाजूंनी येतात. एकीकडे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेले रुग्ण आणि त्यांच्या घरचे, दुसरीकडे प्रबंधासाठी 'सिग्नेचर' (म्हणजे जिच्या पातळ्यांवरून आजाराचा अंदाज बांधता येईल अशी जनुकांची यादी) शोधणारे विद्यार्थी. दोघांच्या शंका वाटतात तितक्या वेगळ्या नसतात, म्हणून एकाच पानावर ठेवल्या आहेत. 'पोटाचा कॅन्सर' म्हणजे इथे फक्त जठराचा कॅन्सर. आतडी, यकृत, स्वादुपिंड यांचा विषय निराळा. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. एक उत्तर दुसऱ्यावर टेकलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जनुकं तर जन्मापासून तीच असतात. मग त्यांची 'पातळी' कशी काय मोजतात?

जनुकं तीच असतात, पण ती वापरली किती जातात हे पेशीगणिक बदलतं. जठराच्या अस्तरातली पेशी आणि रक्तातली पांढरी पेशी यांच्यात डीएनए जवळजवळ सारखाच. तरी एक पचनाचे रस बनवते आणि दुसरी रोगट पेशींना मारणारी प्रथिनं. एखाद्या जनुकातली सूचना वापरायची असली की पेशी आधी तिची आरएनए प्रत काढते आणि त्या प्रतीवरून प्रथिन तयार करते. अशा किती प्रती निघाल्या, किंवा शेवटी किती प्रथिन बनलं, याला जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात. बोलताना आपण 'पातळी' म्हणू.

प्रती मोजायला आरटी-पीसीआर (मोजकी जनुकं), मायक्रोअरे किंवा आरएनए सिक्वेन्सिंग (हजारो जनुकं एकदम) वापरतात. प्रथिन बघायचं असेल तर काचपट्टीवरच्या पातळ कापाला अँटिबॉडी लावून रंग आणतात. ती इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, लॅबच्या भाषेत 'आयएचसी'. आरएनए भरपूर म्हणजे प्रथिनही तितकंच, असा हिशेब दर वेळी जुळत नाही. हे लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

२. वडिलांच्या गाठीत 'जनुकांमध्ये बदल' लिहिलंय. म्हणजे हे आम्हा भावंडांनाही होणार का?

बहुतेक वेळा नाही. गाठीतली पातळी ही गाठीपुरती गोष्ट असते. ती आईवडिलांकडून आलेली नसते आणि मुलांकडे जातही नाही. वारशाने येणारा दोष तपासायला साधारणपणे रक्त किंवा लाळ घेतात आणि तो डीएनएमध्ये शोधतात. जठराच्या कॅन्सरमध्ये यातलं सर्वांत ठळक नाव सीडीएच१ या जनुकाचं. पिढ्यान्‌पिढ्या पसरट, 'डिफ्यूज' प्रकारचा कॅन्सर होणाऱ्या न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांत त्याचा वारसा १९९८ मध्ये उघड झाला.

गोंधळ होतो तो इथेच. सीडीएच१ ज्याची सूचना देतं ते ई-कॅडहेरिन हे प्रथिन वारसा नसलेल्या गाठींमध्येही कमी झालेलं दिसू शकतं. काचपट्टीवर ई-कॅडहेरिन कमी दिसलं म्हणजे घराण्यात दोष आहे असं ठरत नाही. घरात कुणाला तरुण वयात डिफ्यूज कॅन्सर झाला असेल, किंवा एकाहून जास्त नातेवाइकांना झाला असेल, तर अनुवंश समुपदेशकाकडे जाणं योग्य. एका अपवादासाठी प्रश्न १६ पाहा.

३. रिपोर्टमध्ये हर-टू, एमएमआर, पीडी-एल१, क्लॉडिन असं काय काय आहे. ही जनुक अभिव्यक्तीचीच तपासणी का?

हो, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 'जीन एक्स्प्रेशन' म्हटलं की रंगीबेरंगी हीटमॅप डोळ्यांपुढे येतो. रोजच्या कामात मात्र अभिव्यक्ती तपासली जाते ती साध्या तपकिरी डागांनी. एकेक बघू.

हर-टू: हे प्रथिन पेशीच्या आवरणावर किती आहे ते ० ते ३+ असं मोजतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं तर निर्णय अडतो, मग जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का ते फिश चाचणीने बघतात. (फिश डीएनए मोजते, अभिव्यक्ती नव्हे. दोन्ही एकाच ओळीत छापलेलं असतं, म्हणून हे सांगितलं.) स्तनाच्या गाठीत डाग पेशीभोवती पूर्ण वर्तुळासारखा हवा असतो. जठराच्या पेशीत तो वरची बाजू सोडून कडेने आणि तळाशी, इंग्रजी 'यू' अक्षरासारखा आला तरी धरतात. म्हणून जठराचे निकष वेगळे ठेवावे लागले.

एमएमआर: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही चार दुरुस्ती-प्रथिनं. इथे उलटा न्याय आहे. डाग दिसला तर ठीक. नाहीसा झाला तर 'डेफिशियंट', म्हणजे डीएनएच्या चुका दुरुस्त होत नाहीत. यालाच बहुतांशी जोडून 'एमएसआय-हाय' हा शब्द येतो, म्हणजे दुरुस्तीअभावी डीएनएमधले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे अस्थिर झालेले.

पीडी-एल१: प्रतिकारपेशींना थोपवणारं प्रथिन. याचा 'सीपीएस' आकडा देतात. डाग घेतलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज यांची बेरीज, भागिले जिवंत कॅन्सरपेशी, गुणिले १००. अंशात प्रतिकारपेशी आणि छेदात फक्त कॅन्सरपेशी असल्याने उत्तर शंभराच्या वर जाऊ शकतं. तसं झालं तर १०० लिहितात.

क्लॉडिन १८.२: निरोगी जठरात हे प्रथिन पेशींच्या सांध्यात दडलेलं असतं. कॅन्सरमध्ये पेशींची रचना विस्कटते आणि ते उघडं पडतं, म्हणून औषधाला सापडतं. किमान ७५ टक्के कॅन्सरपेशींच्या आवरणावर मध्यम ते गडद डाग असेल तर पॉझिटिव्ह. या प्रथिनाला धरणारं झोल्बेटुक्सिमॅब २०२४ मध्ये जपान आणि अमेरिकेत मंजूर झालं.

याशिवाय ईबीव्ही विषाणूसाठी 'ईबर' चाचणी असते. ती थेट विषाणूच्या आरएनएचाच शोध घेते.

४. 'प्रोग्नोस्टिक' आणि 'प्रेडिक्टिव्ह' दोन्हीचा अर्थ 'पुढे काय होईल' असाच ना?

नाही, आणि हा फरक नीट न धरल्याने या विषयातला निम्मा गोंधळ होतो. प्रोग्नोस्टिक खूण सांगते की आजार कसा वागेल, उपचार कोणताही असो. प्रेडिक्टिव्ह खूण सांगते की *अमुक* उपचाराचा उपयोग होईल का.

हर-टू हे उत्तम उदाहरण. ते असल्याने आजार मुळात जास्त वाईट वागतो का, यावर अभ्यासांत एकमत नाही. पण ट्रास्टुझुमॅबचा उपयोग कुणाला, ते त्यावरून कळतं. २०१० मध्ये आलेल्या 'टोगा' या रुग्णांवरच्या औषध-चाचणीत (ट्रायलमध्ये) पसरलेल्या, हर-टू पॉझिटिव्ह आजारात नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य ११.१ महिने होतं, ट्रास्टुझुमॅब जोडल्यावर १३.८. ज्यांच्यात प्रथिन खरोखर भरपूर होतं त्यांच्यात फरक आणखी मोठा होता, ११.८ विरुद्ध १६. औषध त्या प्रथिनाला धरतं, तेव्हा प्रथिन जास्त तिथे फायदा जास्त, हे पटण्यासारखं आहे.

एखादी खूण प्रेडिक्टिव्ह आहे असं म्हणायचं तर तो उपचार मिळालेले आणि न मिळालेले असे दोन गट लागतात. सगळ्यांना केमो दिलेल्या रुग्णांवरून 'केमोचा फायदा सांगणारं जनुक' काढता येत नाही. तरी अशी शीर्षकं छापून येत असतात.

५. स्टेज तर कळलीच आहे. मग जनुकांची गरज काय?

स्टेज अजूनही सर्वांत भारी पडते. गाठ किती खोल गेली, किती लसीकाग्रंथींत पोहोचली, दूर पसरली का, या तीन गोष्टींपुढे आजवरची कुठलीही जनुकयादी फिकी आहे. ऑपरेशननंतर निदान १६ ग्रंथी तपासल्या गेल्या का, हे आधी बघा. कमी तपासल्या असतील तर स्टेजच खरी आहे त्यापेक्षा कमी ठरलेली असू शकते, आणि ही उणीव कुठलीही महागडी चाचणी भरून काढत नाही.

जनुकांना काम उरतं ते एकाच स्टेजच्या आत. तिसऱ्या स्टेजच्या दोन रुग्णांपैकी एकाचा आजार वर्षभरात उलटतो आणि दुसरा दहा वर्षांनीही ठणठणीत असतो, हे सगळे बघतात. हा फरक कुठून येतो, त्याचा शोध म्हणजे हा सगळा खटाटोप.

६. टीसीजीएचे चार प्रकार कोणते, आणि सर्वांत वाईट कोणता?

२०१४ मध्ये 'द कॅन्सर जीनोम अॅटलास' या प्रकल्पाने उपचार न झालेल्या २९५ गाठी डीएनए, आरएनए, मेथिलेशन (जनुक बंद ठेवणारी डीएनएवरची रासायनिक खूण) आणि प्रथिनं अशा अनेक अंगांनी तपासल्या आणि चार गट मांडले. ईबीव्ही विषाणू असलेल्या सुमारे ९ टक्के, एमएसआय २२ टक्के, 'जीनोमिकली स्टेबल' २० टक्के आणि गुणसूत्रांची मोडतोड झालेल्या, म्हणजे 'सीआयएन', ५० टक्के. स्टेबल गटात डिफ्यूज प्रकार जास्त. सीडीएच१ आणि आरएचओए यांतले बदल तिथे सापडतात. सीआयएनमध्ये पेशींच्या वाढीला लगाम घालणारं टीपी५३ हे जनुक बिघडलेलं आणि हर-टूसारख्या जनुकांच्या प्रती वाढलेल्या. ईबीव्ही गटात पीडी-एल१ चढलेलं.

'वाईट कोणता' याचं उत्तर मात्र या वर्गीकरणाकडून मागू नये. ते आजाराची जडणघडण समजून घ्यायला केलं होतं, भविष्य सांगायला नव्हे. नंतरच्या अभ्यासांत ईबीव्ही आणि एमएसआय बरे, स्टेबल वाईट असा कल दिसला. निकालांशी थेट बांधलेलं वर्गीकरण हवं असेल तर पुढचा प्रश्न पाहा.

७. मग एसीआरजी वर्गीकरण वेगळं कसं?

एशियन कॅन्सर रिसर्च ग्रुपने २०१५ मध्ये ३०० गाठींच्या आरएनए पातळ्यांवरून चार गट केले आणि प्रत्येक गटाचं पुढे काय झालं ते दाखवलं. आधी एमएसआय गाठी बाजूला काढायच्या. उरलेल्यांत ज्यांची पातळी 'ईएमटी' धाटणीची, म्हणजे पेशी अस्तराचा स्वभाव सोडून सैल, भटक्या झाल्यासारखी, त्या वेगळ्या करायच्या. राहिलेल्यांचे टीपी५३ शाबूत आणि टीपी५३ निकामी असे दोन भाग. टीपी५३ कामावर आहे का हे त्यांनी म्युटेशनवरून नाही, तर ते जागं असताना चढणाऱ्या सीडीकेएन१ए आणि एमडीएम२ या दोन जनुकांच्या पातळीवरून ठरवलं. ही युक्ती मला फार आवडते: कर्मचारी हजेरीपटावर आहे का हे न बघता त्याच्या टेबलावरचं काम सरकतंय का ते बघायचं.

निकाल असा: एमएसआय गटात आजार उलटण्याचं प्रमाण २२ टक्के, ईएमटी गटात ६३ टक्के. ईएमटी गटातले रुग्ण वयाने तरुण आणि बहुतांशी डिफ्यूज प्रकारचे होते. टीपी५३चे दोन गट यांच्या मधे, त्यातही शाबूतवाला थोडा बरा.

दोन्ही वर्गीकरणांतले एमएसआय गट बऱ्यापैकी जुळतात. टीसीजीएचा स्टेबल आणि एसीआरजीचा ईएमटी मात्र एकच नव्हेत. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसले तर लेखकाने मूळ लेख वाचलेला नाही असं खुशाल समजा.

८. एमएसआय-हाय आलंय आणि ते 'चांगलं' म्हणतात. मग केमो नको म्हणायची का?

हा निर्णय रिपोर्टच्या एका ओळीवरून घेऊ नका, पण डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. त्यामागे खरा पुरावा आहे. ऑपरेशन होऊ शकणाऱ्या रुग्णांवरच्या मॅजिक, क्लासिक, आर्टिस्ट आणि इटाका-एस या चार चाचण्यांमधल्या १,५५६ रुग्णांची माहिती २०१९ मध्ये एकत्र केली गेली. एमएसआय-हाय गटात पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ७७.५ टक्के, बाकीच्यांत ५९.३. शिवाय केमोचा फायदा बाकीच्यांत दिसला, एमएसआय गटात दिसला नाही.

आता तीन पण. त्या हजार-दीड हजारांत एमएसआय-हाय रुग्ण आठ टक्क्यांच्याही आत होते, म्हणजे साधारण सव्वाशे माणसं, आणि तीही कुणाला केमो, कुणाला नाही अशी विभागलेली. हे विश्लेषण मागे वळून केलेलं होतं. एमएसआय बघून केमो द्यायची की नाही अशी सोडत कुणी काढली नव्हती. आणि त्या चाचण्यांतली केमो आजची 'फ्लॉट' नव्हती.

दुसरीकडे याच रुग्णांसाठी इम्युनोथेरपीचं दार उघडलं आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'निओनिपिगा' चाचणीत ऑपरेशनआधी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब दिलेल्या ३२ पैकी २९ जणांचं ऑपरेशन झालं, आणि त्यातल्या १७ जणांच्या काढलेल्या जठरात कॅन्सर उरलाच नव्हता. संख्या लहान आहे, पण जठराच्या कॅन्सरमध्ये असे आकडे सहसा बघायला मिळत नाहीत. म्हणून एमएमआर तपासणी *उपचार सुरू होण्याआधी*, पहिल्या बायोप्सीवरच झालेली बरी.

९. चार जनुकांची एक चाचणी केमोचा फायदा सांगते असं वाचलं. ती काय आहे?

ही बहुधा २०१८ ची, क्लासिक या औषध-चाचणीतल्या रुग्णांच्या नमुन्यांवर पडताळलेली. जनुकं चार: जीझेडएमबी आणि डब्ल्यूएआरएस (प्रतिकारपेशी जाग्या असल्याची खूण), एसएफआरपी४ (मूळपेशींसारख्या, सैल धाटणीची) आणि सीडीएक्स१ (अस्तराचा स्वभाव टिकून असल्याची). साध्या पीसीआरवर, गाठीचा तुकडा जपून ठेवलेल्या मेणाच्या ठोकळ्यातून होते.

तिचं मोल क्लासिकच्या आखणीत आहे. त्या औषध-चाचणीत १,०३५ रुग्णांना ऑपरेशननंतर सोडत काढून केमो किंवा नुसती देखरेख दिली होती. प्रश्न ४ मध्ये म्हटलेले दोन गट इथे आयते मिळाले. धोक्याप्रमाणे पाडलेल्या तीन गटांत पाच वर्षं जगण्याचं प्रमाण सुमारे ८३, ७५ आणि ६६ टक्के निघालं. केमोचा फायदा होईल असं चाचणीने म्हटलेल्यांना तो झाला, होणार नाही म्हटलेल्यांत केमो घेतलेले आणि न घेतलेले जवळजवळ सारखेच राहिले.

गंमत अशी की प्रतिकारपेशी जोरात असलेल्यांचा आजार सौम्य, आणि केमोचा त्यांना खास उपयोग नाही. एमएसआयची कहाणीही तीच (प्रश्न ८). दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोहोचलेला पुरावा मला एखाद्या चकचकीत आलेखापेक्षा जास्त पटतो.

तरीही हे विश्लेषण साठवलेल्या नमुन्यांवरचं आहे. या चाचणीवर विसंबून केमो टाळणं हा आजचा सर्वमान्य रिवाज नाही.

१०. स्तनाच्या कॅन्सरला २१ जनुकांची चाचणी सर्रास करतात. पोटाच्या कॅन्सरला तशी का नाही?

स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्या चाचणीवर दहा हजारांहून जास्त स्त्रियांची 'टेलरएक्स' ही मोठी ट्रायल झाली, २०१८ मध्ये तिचा निकाल लागला आणि ठरावीक गुणांखाली केमो टाळता येते हे दिसलं. जठरासाठी एवढं मोठं, चाचणीच्या निकालावरून उपचार ठरवणारं काम झालेलं नाही.

कारणं आजारातच आहेत. टेलरएक्समध्ये आजार एका साच्यातला होता: हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लसीकाग्रंथी कॅन्सरपासून मोकळ्या. जठरात आतड्यासारखा आणि डिफ्यूज हे १९६५ मध्ये लॉरेनने सांगितलेले दोन प्रकारच इतके निराळे की एका यादीत कोंबणं अवघड. दुसरं, स्तनाच्या त्या रुग्णांत केमो टाळणं परवडतं, कारण बहुतेकींना हार्मोनगोळ्या पुरतात. जठरात केमोला पर्यायच कमी.

११. दर आठवड्याला 'जठराच्या कॅन्सरची नवी ८ जनुकांची सिग्नेचर' असा लेख येतो. यातलं खरं काय मानायचं?

बहुतेक काही नाही. हे कडू वाटेल, पण त्यामागे गणित आहे.

२०११ मध्ये तीन संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ४७ प्रसिद्ध सिग्नेचर घेतल्या आणि तितक्याच संख्येने *डोळे मिटून उचललेल्या* जनुकांशी त्यांची तुलना केली. २८ सिग्नेचर या आंधळ्या याद्यांपेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरल्या नाहीत. शंभराहून जास्त जनुकांच्या आंधळ्या याद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक 'यशस्वी' निघाल्या. कॅन्सरशी काही नातं नसलेल्या सिग्नेचरही त्यांनी मुद्दाम लावून पाहिल्या, त्यांत जेवणानंतर हसण्याने रक्तात बदलणाऱ्या जनुकांची एक होती. तीही आजाराचं भविष्य 'सांगत' होती!

कारण साधं आहे. पेशी किती वेगाने वाढतात ही एकच गोष्ट हजारो जनुकांच्या पातळीत झिरपलेली असते. कुठलीही मूठभर उचला, तिचा अंश हाती लागतोच. जठराच्या गाठीत माझ्या मते हे काम वाढीपेक्षा गाठीभोवतीची तंतुमय जाळी करते (प्रश्न १३). म्हणून यादीतली नावं वेगळी, पण निरोप तोच: 'या गाठीत जाळी फार आहे.'

लेख हाती आला की मी तीनच गोष्टी बघतो. वेगळ्या केंद्रातल्या, वेगळ्या यंत्रावरच्या रुग्णांत ती टिकली का? स्टेज आणि वय आधीच धरल्यावर तिने काही भर घातली का? आणि 'हाय' कुणाला म्हणायचं तो आकडा आधी ठरला होता, की मध्यकाने रुग्ण अर्धे-अर्धे वाटले? तिसरा प्रश्न जास्त लेखांना पाडतो. शंभर रुग्णांचा मध्यक काढता येतो; उद्या दवाखान्यात एकटाच रुग्ण येईल त्याचा मध्यक कुठून आणणार?

१२. एमएस्सीचा प्रकल्प म्हणून टीसीजीएच्या डेटावरून सिग्नेचर काढतोय. कुठे चुकायला होतं?

शिकण्यासाठी जरूर काढा. नेहमीचा खड्डा असा: आधी सगळ्या रुग्णांवरून 'महत्त्वाची' जनुकं निवडायची आणि मग त्याच रुग्णांत ट्रेनिंग-टेस्ट अशी फाळणी करायची. परीक्षेचा पेपर आधीच फुटलेला असतो. जनुकनिवडीसकट सगळं ट्रेनिंग भागातच व्हायला हवं.

दुसरं, बॅच इफेक्ट. मायक्रोअरेच्या जुन्या डेटात आणि आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये एकाच जनुकाचे आकडे वेगळ्या मोजपट्टीवर असतात. दुरुस्तीची साधनं आहेत, पण एका केंद्रात सगळे तिसऱ्या स्टेजचे आणि दुसऱ्यात पहिल्या स्टेजचे असतील तर दुरुस्ती आजाराचा खरा फरकही पुसून टाकते. एकाच नमुन्यातल्या दोन जनुकांचं गुणोत्तर वापरलं तर ही अडचण बरीच हलकी होते. तिसरं, टीसीजीएतल्या अनेक रुग्णांचा पाठपुरावा तोकडा आहे, तेव्हा पाच वर्षांबद्दल छातीठोक बोलू नका. लिहिताना २००५ ची 'रिमार्क' ही मार्गदर्शक सूची शेजारी ठेवा.

१३. अमुक जनुक वाढलं की आयुष्य कमी, असं असेल तर ते जनुक बंद करणारं औषध का देत नाहीत?

कारण खूण आणि कारण एक नसतात. गाठीचा तुकडा दळून आरएनए काढला की त्यात कॅन्सरपेशी, तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट, रक्तवाहिन्या, प्रतिकारपेशी, शेजारचं निरोगी अस्तर असं सगळं एकत्र येतं. डिफ्यूज गाठीत कॅन्सरपेशी एकेकट्या विखुरलेल्या आणि मधे जाळीच जाळी. अशा तुकड्यात कोलॅजनची जनुकं चढलेली दिसली तर ती कॅन्सरपेशींची असण्यापेक्षा फायब्रोब्लास्टची असण्याचा संभव मोठा. ईएमटीची पातळी वाढली म्हणजे कॅन्सरपेशींनी रूप बदललं, की नुसती जाळी वाढली, हे दळलेल्या नमुन्यावरून सांगता येत नाही. एकेक पेशी वेगळी मोजणारी किंवा काचपट्टीवरची जागा धरून मोजणारी तंत्रं याच उत्तरासाठी वापरतात.

१४. बायोप्सी दोनदा झाली. एकीत हर-टू ३+, दुसरीत शून्य. लॅब चुकली का?

चुकली असेलच असं नाही. जठराच्या गाठीत हर-टू ठिगळांसारखं असतं: एका भागात गडद, बोटभर पलीकडे काहीच नाही. म्हणूनच दुर्बिणीच्या बायोप्सीत गाठीचे सहा ते आठ तुकडे घ्यावेत असं सांगतात. एका तुकड्यातलं 'निगेटिव्ह' कच्चं समजा. ३+ भाग खरा असेल तर गाठ पॉझिटिव्हच धरतात, मात्र शून्यवाल्या भागाला त्या औषधाने फरक पडेलच असं नाही. जनुकयाद्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथे ठिगळं डोळ्यांना दिसत नाहीत, सरासरीत मिसळून जातात.

१५. तीन वर्षांपूर्वीचा मेणाचा ठोकळा आहे. त्यावर आता आरएनए तपासणी होईल?

बहुधा होईल. फॉर्मॅलिन आरएनएचे तुकडे करतं, म्हणून अशा नमुन्यांसाठी लहान तुकड्यांवर चालणाऱ्या चाचण्या बेततात. लॅब आधी २०० अक्षरांपेक्षा लांब तुकडे किती टक्के उरलेत ते बघते. ठोकळ्याच्या वयापेक्षा नमुना काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये पडेपर्यंत किती वेळ गेला हे बऱ्याचदा जास्त महत्त्वाचं ठरतं. ठोकळा कुणी परत मागितला तर सगळा वापरून संपवू देऊ नका.

१६. प्रश्न २ मध्ये म्हटलेला अपवाद कोणता?

एमएमआर. जठरात एमएलएच१ नाहीसं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे वयानुसार त्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मेथिलेशनचं कुलूप पडणं. ते वारशाचं नसतं. पण कुलूप नसताना एमएलएच१ गेलं असेल, किंवा एमएसएच२, एमएसएच६ गेलेलं असेल, तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे वारशाने आलेल्या दुरुस्ती-दोषाची, शंका घ्यावी लागते, आणि मग गाठीवरची ही साधी तपासणी भावंडांच्या रक्ततपासणीपर्यंत जाते. त्या घरांत मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाचा कॅन्सर जठरापेक्षा जास्त आढळतो, म्हणून चौकशी पोटापुरती ठेवू नका.

१७. 'हाय रिस्क' आलं. म्हणजे किती दिवस?

या चाचण्या दिवस सांगत नाहीत. प्रश्न ९ मधले आकडे पुन्हा बघा: सर्वांत जास्त धोक्याच्या गटातही शंभरातले ६६ जण पाच वर्षांनी हयात होते, आणि सर्वांत कमी धोक्याच्या गटातले १७ नव्हते. गट वेगळे आहेत, माणसं मात्र एकमेकांत मिसळलेली आहेत. लेखात 'हॅझर्ड रेशो २' दिसलं तर त्याचा अर्थ आयुष्य निम्मं असा नाही. कुठल्याही क्षणी घटना घडण्याचा वेग दुप्पट, एवढाच. शिवाय ते आकडे ऑपरेशन झालेल्यांचे आहेत. पसरलेल्या आजाराला ते लावू नका, आणि तिथले आकडे इथे आणू नका.

१८. हे सगळं रक्तातून नाही का कळणार?

रक्तात तरंगणारा गाठीचा डीएनए सापडतो आणि ऑपरेशननंतर तो उरला असेल तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. पण तो डीएनए आहे, पातळी नव्हे. रक्तातला बहुतेक आरएनए रक्तपेशींचाच असतो.

१९. आधी केमो, मग ऑपरेशन झालं. तपासणी कोणत्या नमुन्यावर करायची?

शक्यतो केमोच्या आधीच्या बायोप्सीवर. केमोने पेशी मरतात, जाळी आणि दाह उरतो, आणि दळलेल्या नमुन्याचा आरएनए त्यांचीच गोष्ट सांगतो. अशा नमुन्याला ऑपरेशन-आधी-केमो-नसलेल्यांवर बेतलेली यादी लावली तर उत्तर येईल, पण त्याला अर्थ नसेल. एमएमआरची स्थिती सहसा बदलत नाही. हर-टू बदलू शकतं: ट्रास्टुझुमॅब घेतल्यावर काही रुग्णांत ते नाहीसं होतं, म्हणून आजार उलटला आणि पुन्हा हर-टूवरचंच औषध द्यायचं असेल तर नवी बायोप्सी मागतात. काढलेल्या जठरात कॅन्सर उरलाच नसेल तर तपासायला काही नसतं. तेव्हा पहिल्या बायोप्सीचा तो छोटा ठोकळा हाच एकमेव पुरावा राहतो.